तो शिंदीखाना नव्हता

ही गोष्ट सांगायची मी पंधरा-वीस वर्षं टाळली. टाळण्यात मी हुशार आहे. आधी म्हणायचो, निवृत्त झालो की लिहीन. निवृत्त झालो तेव्हा म्हणालो, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. ते दोन्ही डोळ्यांचं झालं. आता स्वच्छ दिसतं, आणि सगळ्यात स्वच्छ दिसतो तो आमच्या स्टॉपवरच्या पानटपरीचा पत्रा. त्यावर लाल रंगात लिहिलंय, ‘शिंदीखाना स्टॉप’. कंडक्टर दार वाजवून ओरडतो, ‘शिंदीखानावाले, उतरा.’ शाळेच्या पोरी उतरतात, माळकरी म्हातारे उतरतात, परवा तर आमच्या घरी आलेले नवे व्याही उतरले. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, कारण ते नाव मी पक्कं केलं, आणि ते खोटं आहे.

आमचं गाव परतूर तालुक्यातलं. मंठा आणि आष्टी या दोन बाजारांच्या ओढाताणीत स्वतःचा छोटा बाजार कसाबसा टिकवून असलेलं. वेशीतून आत आलं की उजव्या हाताला ती इमारत. उंच दगडी जोतं, रस्त्याकडे तीन कमानी, आत एकच लांब दालन. दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कमरेइतका उंच दगडी कट्टा, आणि कट्ट्यामागच्या भिंतीत कोनाडेच कोनाडे. राहायच्या घराला असले कोनाडे कुणी करत नाही. म्हणून गावात बोललं जायचं की निजामाच्या राज्यात हा शिंदीखाना होता. शिंदीच्या झाडाचा आंबलेला रस म्हणजे शिंदी. तिचा सरकारी गुत्ता, म्हणजे मक्ता, असे, आणि लोक जिथं बसून ती पीत तो शिंदीखाना. कट्ट्यावरून विकत असतील, कोनाड्यांत ठेवत असतील, असा सगळा हिशेब बसवलेला होता. तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं की उत्तर एकच: ‘समदेच म्हणतेत.’

त्या दालनात एक बाई बालवाडी चालवत. चाळिशीच्या, नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. इमारत त्यांच्या सासरची. कोनाड्यांत त्यांनी पाट्या, खडूचे डबे आणि चिंचोक्यांच्या पिशव्या ठेवल्या होत्या. कट्ट्यावर एकेका पोराला उभं करून गाणं म्हणायला लावायच्या. माझी धाकटी मुलगी तिथं दोन वर्षं गेली. घरी आली की स्वयंपाकघरातल्या पाटावर उभी राहून तीच गाणी म्हणायची. फी कुणी धान्याच्या रूपानं द्यायचं, कुणी द्यायचंच नाही. पण दालन भरलेलं असायचं, आणि बाईंचं घर त्याच्यावर चालायचं. पैशापेक्षाही, गावात त्यांना ‘बाई’ म्हणून हाक मारत, ती त्या दालनामुळं.

मी मूळचा दुसऱ्या गावचा, इथं नोकरीला आलो आणि हायस्कूलवर मराठी आणि इतिहास शिकवायचो. एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा वेगळा झाला, आम्ही परभणीतून जालन्यात आलो, आणि सगळ्यांनाच आपल्या गावाला काही इतिहास असावा असं वाटू लागलं. पुढच्या एक-दोन वर्षांत शाळेनं स्मरणिका काढायचं ठरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, जुन्या वास्तूंवर तुम्ही लिहा. गावात जुन्या वास्तू चार. मारुतीचं देऊळ, दर्गा, वेस आणि ही. पहिल्या तिन्हींवर लिहिण्यासारखं फार नव्हतं.

माझ्या बायकोनं त्याच दिवशी मला सावध केलं होतं. ती ज्वारी पाखडत होती.

“शिंदीखाना होता म्हणून छापणार का तुम्ही?”

“गावच म्हणतंय.”

“गाव म्हणतंय ते बराबर हाय. तुम्हाला शिंदीतलं काय कळतं? जन्मात चहाशिवाय दुसरं प्यायलात का कधी?”

“इतिहास प्यायल्याशिवाय लिहिता येत नाही असं आहे का?”

“तसं न्हाई. पर ज्यानं प्यायली त्याला तरी इचारा.”

मी विचारलं नाही. कुणाच्या ओट्यावर जाऊन, तुम्ही पीत होतात ना, मग सांगा, असं मास्तरानं कसं विचारायचं? हे आता लिहिताना मला इतका राग येतो की हातातलं पेन ठेवून द्यावंसं वाटतं. गावात त्या वेळी पन्नास-साठीच्या पुढची निदान वीस माणसं होती, ज्यांनी शिंदी प्यायली होती आणि कुठं प्यायली तेही त्यांना पाठ होतं. माळकरी मास्तराला त्यांच्याकडं जायची लाज वाटली. एवढ्यावर माझं संशोधन अडलं.

मग बाटल्या सापडल्या. बाई पोरांसाठी मागच्या अंगणात संडासाचा खड्डा खणून घेत होत्या. कमरेइतकं खणल्यावर बाटल्यांचा ढीग लागला. हिरवट, जाड काचेच्या, काही अख्ख्या, बऱ्याच फुटक्या. गडी मला वाटेत भेटला आणि हसत म्हणाला, “गुरुजी, शिंदीखान्याचा माल घावला बघा. समदा रिकामा हाय, आपल्याला थेंब बी न्हाई.” मी धावत गेलो. बाई कट्ट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, “गुरुजी, या औषधाच्या असतील. आमच्या सासऱ्यांचे वडील इथं हकिमाच्या हाताखाली औषधं कुटायचे, असं सासरे सांगायचे.” मी मान हलवली. माणूस आपल्या घराबद्दल बरंच बोलणार, असं मनात म्हणालो, आणि एक बाटली धुऊन घरी आणली. तिच्या एका अंगाला उभा, खरखरीत डाग होता, वाळलेल्या खळीसारखा. तो मी वहीत टिपलासुद्धा: ‘एका बाजूस खळीचा डाग.’ पुढं काही विचार केला नाही.

लेखात मी लिहिलं की निजाम राजवटीत येथे शिंदीखाना असल्याचे उत्खननात सापडलेल्या बाटल्यांवरून सिद्ध होते. संडासाच्या खड्ड्याला मी उत्खनन म्हणालो. आणि शेवटी एक वाक्य लिहिलं, ज्यावर मी फार खूश होतो: ‘ज्या कट्ट्यावर एकेकाळी मद्यपी झिंगत, त्याच कट्ट्यावर आज बालके बाराखडी गिरवतात.’ माझ्या मते ते बाईंचं कौतुक होतं. खरोखरच मला तसं वाटत होतं, आणि हे सांगताना मी स्वतःला सोडवून घेत नाही. मूर्खपणा किती प्रामाणिक असू शकतो तेवढंच सांगतो.

स्मरणिका घरोघर गेली. महिन्याभरात दालनातली पोरं निम्मी झाली. ऐकीव होतं तोवर कुणाला त्याचं काही नव्हतं. त्याच लोकांनी त्याच कट्ट्यावर पोरं बसवली होती. छापून आलं आणि खरं झालं. एकीची सासू म्हणाली, लेकराला शिंदीखान्यात कशाला बसवायचं. एकाला सोयरीक जुळवताना टोमणा बसला की तुमची पोरगी म्हणे शिंदीखान्यात शिकली. ती पोरगी पाच वर्षांची असताना तिथं ‘ये रे ये रे पावसा’ म्हणत होती. बायको मला म्हणाली, “आपली बी दोन वर्षं बसली तिथं. ती काय झिंगत येत होती का घरी?” मी म्हणालो, लोक अडाणी आहेत. ती म्हणाली, “अडाणी कसे? वाचतेत की. तुमचंच वाचून राह्यले.”

बाई आमच्या घरी आल्या, स्मरणिका पिशवीत घालून. दारातच उभ्या राहिल्या.

“गुरुजी, दुरुस्ती छापता येईल का? दोन ओळींची.”

“स्मरणिका एकदाच निघते बाई.”

“मंग शाळेच्या फळ्यावर लिहा. गाव फळा वाचतं.”

“काय लिहू? पुरावा काय आहे आपल्याकडे?”

“सासरे सांगायचे.”

“ते ऐकीव झालं.”

“आणि शिंदीखाना होता ते? ते कुणी बघितलं?”

“बाटल्या आहेत ना,” मी म्हणालो.

त्या जायला वळल्या. मग म्हणाल्या, “पुरावा आणला तर लिहाल?” मी म्हणालो, हो, अवश्य. आणि वर उदारपणे म्हणालो, मीच शोधतो.

मी शोधायला निघालो तो त्यांचा पुरावा नव्हे, माझा. वर्षभर फेऱ्या मारल्या. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो तर म्हणाले, तुमचं दप्तर नव्या जिल्ह्याला गेलं. नव्या जिल्ह्याला गेलो तर म्हणाले, अजून यायचंय. तालुक्याला गेलो तर तिथला कारकून म्हणाला, “गुरुजी, आलंय बी आणि न्हाई बी. गाठोडी आल्ती. सोडली न्हाईत.” मी म्हणालो, मी सोडतो. तो म्हणाला, सोडायचा हुकूम न्हाई. मी म्हणालो, हुकूम कोण देतो? तो म्हणाला, ते बदलून गेल्ते. पुढच्या खेपेला गाठोडी सुटली होती, पण त्यांत दुसऱ्याच तालुक्याचे कागद होते. आष्टीच्या एका माणसाकडं आबकारीचे जुने कागद आहेत असं कळलं म्हणून बाजाराच्या दिवशी तिथं गेलो, तर त्यानं दाखवलं ते रेशनच्या साखरेचं जुनं रजिस्टर. या सगळ्या वर्षात मी एकदाही आमच्याच गावातल्या एकाही म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसलो नाही. प्रवासभत्ता मिळत नव्हता तरी प्रवास केला.

शेवटी कागद सापडला तो इमारतीच्या शेजारीच. बाईंच्या उत्तरेला एका अडत्याचं घर होतं. एके दिवशी तो म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडं आजोबाचं खरेदीखत हाय उर्दूतलं. बघता का?” मी निजामाच्या शाळेत शिकलेलो, गावात उर्दू वाचणारे आम्ही दोघं-तिघंच उरलेलो, आणि त्याचा मला भारी अभिमान. त्यानं फडक्यातून कागद काढला. जुन्या खरेदीखतात मिळकत ओळखायची ती चतुःसीमेवरून: पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, असे चार शेजारी लिहायचे. ज्याला सवय आहे त्याची नजर आधी तिथंच जाते. माझी गेली. आणि तिथं लिहिलं होतं: दक्षिणेस शिंदीखाना.

अडत्याचं घर उत्तरेला, त्याच्या दक्षिणेला बाईंची इमारत. मी त्या चार ओळी वहीत उतरवून घेतल्या. चारच. बाकीचा कागद वाचला नाही, आणि दुसऱ्या तीन दिशांना लिहिलेली जुनी नावं कुणाची तेही पडताळलं नाही. अडत्या चहा सांगत होता, मला शाळा गाठायची होती, आणि मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

बाईंनी मध्यंतरी सरपंचांकडं अर्ज दिला होता की शाळेनं चूक दुरुस्त करावी. चावडीवर बैठक बसली. पंधरा-वीस माणसं. शिंदी प्यायलेली म्हातारी माणसं, आपण पीत होतो हे चारचौघांत निघायला नको म्हणून, तिकडं फिरकली नसावीत. बाई एका बाजूला, डोक्यावरून पदर, हातात ती स्मरणिका. त्यांनी सासऱ्यांचं सांगणं सांगितलं. मग सरपंच माझ्याकडं वळले. मी उभा राहून वही उघडली आणि आधी उर्दूत वाचलं, मग मराठीत. उर्दूत वाचायची काही गरज नव्हती. चारही दिशा वाचल्या, ‘दक्षिणेस’ला थांबलो, वर बघितलं, आणि मग ‘शिंदीखाना’ म्हणालो. कुणीतरी म्हणालं, “झालं की मंग. सरकारी कागद हाय.” एकानं टाळी वाजवली. दुसरा म्हणाला, “बाई, गुरुजी उर्दू वाचून राह्यले, आता काय बोलावं?”

बाई म्हणाल्या, “कागद पुरा वाचला का गुरुजी?”

मी म्हणालो, “वाचला.”

हा एक शब्द मी खोटा बोललो. बाकी सगळी चूक होती. हे खोटं होतं. बाईंनी स्मरणिकेची घडी घालून पिशवीत ठेवली, सरपंचांना नमस्कार केला आणि गेल्या.

पुढच्या जूनमध्ये बालवाडीला चार पोरं आली. दिवाळीनंतर ती पण थांबली. बाईंनी दालन त्या अडत्यालाच खताच्या गोदामाला भाड्यानं दिलं. तो आधीपासूनच मागत होता, हे मला नंतर कळलं. मुद्दाम कागद दाखवला का, ते मी सांगू शकत नाही. त्याला उर्दू येत नव्हती. त्याच्यावर ढकलायचा मोह होतो, पण वाचणारा मी होतो. बाई मागच्या खोलीत लोकांचे परकर आणि झबली शिवत बसत. मुलीचं लग्न झालं आणि ती जालन्याला राहायला गेली, तेव्हा बाईपण तिच्याकडं गेल्या. जाताना स्टॉपवर कुणी पोचवायला आलं होतं का, मला माहीत नाही. मी शाळेत होतो.

नंतर तीन-चार वर्षांनी मंठ्याच्या बाजारात मी बैल बघायला म्हणून आमच्या भाच्याबरोबर गेलो होतो. चहाच्या टपरीवर शेजारी एक म्हातारा बसलेला, आमच्याच गावचा, पण मुलाकडं मंठ्याला राहायचा. तरुणपणी तो शिंदीच्या झाडांवर चढून रस उतरवायचा. गावाचं नाव निघालं, मी आपला इतिहासकार म्हणून विषय काढला, की तुमच्या त्या शिंदीखान्यावर मी लिहिलंय, त्या वेशीजवळच्या.

“वेशीजवळ?” तो म्हणाला. “कोनता?”

“तीन कमानींचा. तिथं बाटल्या सापडल्या ना.”

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला.

“शिंदीच्या बाटल्या?”

“हो.”

“गुरुजी, शिंदी बाटलीत भरून बूच मारलं का कधी कुणी? दोन घटकांत बूच माडीवर जाईल. तिला दम धरवत न्हाई, फसफसती ती. शिंदी मडक्यात.” मग तो टपरीवाल्याकडं वळून म्हणाला, “ऐकलं का रे? गुरुजीनं शिंदी बाटलीत भरली.” दोघं हसले. भाचा पण हसला.

“मग शिंदीखाना कुठं होता?” मी विचारलं.

“वढ्याकाठी. शिंदीच्या बनाजवळ. कुडाचं छप्पर होतं, पावसाळ्यात वाहून बी जायचं. गावात, देवळाच्या वाटंवर कोन ठिवू देईल? त्या कमानीत तर हकीमसाब बसायचे. माझ्या मायनं मला तिथं खांद्यावर नेल्तं, पाय मोडल्ता तव्हा.” त्यानं धोतर वर करून नडगी दाखवली. “ही बघा. वाकडी बसली, पर बसली.”

बैल न बघताच मी गावात परतलो. अडत्याकडं जाऊन खरेदीखत पुन्हा मागितलं. त्यानं काही न विचारता दिलं. या वेळी पहिल्या ओळीपासून वाचलं. मिळकतीचं वर्णन अगदी स्वच्छ अक्षरात होतं: ओढ्याकाठचा गोठा व त्यालगतचं घर. अडत्याच्या आजोबाच्या दोन मिळकती होत्या. हा कागद त्या दुसरीचा. शिंदीखाना त्या गोठ्याच्या दक्षिणेला होता, म्हातारा म्हणाला तिथंच. वेशीजवळच्या घराशी त्या कागदाचा काही संबंध नव्हता. हे वाचायला मला चार मिनिटं लागली.

घरी येऊन मी कपाटावरची ती बाटली काढली. आणि तो खळीचा डाग बघता बघता मला आठवलं, लहानपणी आई मला दवाखान्यात पाठवायची ती बाटली देऊन. त्या काळी औषध न्यायला बाटली घरूनच न्यायची; तडकलेली किंवा वास लागलेली असली तर कंपाउंडर ती मागं खड्ड्यात टाकून दुसरी द्यायचा. कंपाउंडर लाल औषध भरायचा आणि बाटलीला खळीनं कागदाची पट्टी डकवायचा, कात्रीनं कोपरे कापलेली. एक कोपरा म्हणजे एक वेळचा डोस. मी स्वतः ती पट्टी नखानं खरवडत घरी यायचो आणि आईचा मार खायचो. असल्या शेकडो बाटल्या माझ्या हातांनी हाताळलेल्या. आणि तीच बाटली वर्षानुवर्षं माझ्या कपाटावर होती.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “उद्या जालन्याला जा आणि सांगा.”

“जातो.”

“आणि येतांना चावडीवर सांगा.”

“तेही सांगतो.”

मी गेलो नाही. त्या महिन्यात मला मुख्याध्यापक केलं. नव्या मुख्याध्यापकानं पहिल्याच महिन्यात आपण चुकलो म्हणून फळ्यावर लिहायचं हे काही बरं दिसलं नसतं, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, “मंग दुसऱ्या महिन्यात लिहा.” पुढं ती विचारायची बंद झाली, आणि ते मला जास्त लागलं.

दरम्यान माझं वाक्य हिंडत होतं. शाळेत ‘आपला परिसर’ असा प्रकल्प मुलांना द्यायचो. एका मुलीनं वही आणून दिली, त्यात सुंदर अक्षरात लिहिलेलं: ज्या कट्ट्यावर एकेकाळी मद्यपी झिंगत. मी तिला दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण तिनं झिंगतमधल्या ‘झिं’वर अनुस्वार दिला नव्हता. असा मी. पुढं एसटीचा थांबा वेशीपाशी आला, थांब्याला नाव पाहिजे होतं, आणि गावानं स्मरणिकेतलं नाव दिलं. टपरीवाल्यानं रंगवून घेतलं. रंग उडाला की तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा देतो. इतकी निगा तो दुसऱ्या कशाचीच राखत नाही.

निवृत्त झाल्यावर, एकदा, मी खरंच गेलो. जालन्याला एका लग्नाला गेलो होतो, पण मनात ठरवून. बाईंच्या मुलीचं घर शोधून काढलं. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवली होती. बाईंचे केस पांढरे झाले होते, बाकी तशाच. मला बघून त्या चटकन उठल्या.

“गुरुजी, बसा बसा. या खुर्चीवर नको, तिचा पाय हलून राह्यला. इथं बसा.”

चहा झाला. माझ्या धाकटीचं विचारलं. तिला दोन मुलं आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, “लई लाजायची. कट्ट्यावर चढवलं की मात्र उतरायची न्हाई.” मी घसा साफ केला. म्हणालो, “बाई, मी आज आलो ते—”

“बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “देवानंच धाडलं. एक काम हाय तुमच्या अक्षराचं.”

आत जाऊन त्यांनी एक छापील अर्ज आणला. ती इमारत मुलीच्या नावावर करायची होती. जावई नोकरीवर, मुलीला मराठी अर्जाची भाषा जमत नव्हती, आणि बाईंची नजर अधू झाली होती. मी पेन काढलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढं छापलेलं होतं: मिळकतीचे वर्णन व चतुःसीमा. माझा हात थांबला.

“उत्तरेस अडत्याचं घर,” बाई सांगू लागल्या. “पूर्वेस रस्ता. दक्षिणेस गल्ली. पश्चिमेस आपलंच अंगन.”

मी लिहिलं.

“आता वर लिहा, शिंदीखाना या नावाने ओळखली जाणारी इमारत.”

मी म्हणालो, “ते कशाला लिहायचं बाई? नुसतं घर लिहू.”

“न्हाई न्हाई. ग्रामसेवक नवा हाय. मागच्या अर्जात नुसतं घर लिहिल्तं, तर परत आला, कोनतं घर कळत न्हाई म्हणून. शिंदीखाना म्हटलं की बिलकुल बराबर कळतं सगळ्यांना.” त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. टोमणाही नव्हता. टोमणा असता तर मला बोलता आलं असतं. “लिहा गुरुजी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या अक्षरात असलं म्हणजे अडवणार न्हाई कुणी.”

आणि मी लिहिलं. वळणदार अक्षरात, शाई न फुटू देता. पहिल्यांदा छापलं होतं, दुसऱ्यांदा चावडीवर वाचलं होतं, आता सरकारी अर्जात माझ्या हातानं. बाईंनी अर्ज डोळ्यांशी धरला, नीट दिसला नसावा, पण म्हणाल्या, “अजून तसंच हाय अक्षर.” मग मुलीनं पोहे केले. ते मी खाल्ले. लग्नाची वेळ झाली होती. जिन्यापर्यंत त्या सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही काही सांगत होतात, मीच बोलत बसले.” मी म्हणालो, काही नाही, सहज आलो होतो.

दीड वर्षानं त्या गेल्या. मला कंडक्टरकडून कळलं, आमच्याच शाळेतला विद्यार्थी तो. तिकीट फाडता फाडता म्हणाला, “सर, त्या शिंदीखान्याच्या बाई वारल्या जालन्याला.” त्यालाही कट्ट्यावर उभं करून त्यांनीच गाणं शिकवलं होतं.

म्हणून आता लिहितो, गावानं वाचावं म्हणून. या कागदाची एक प्रत मी ग्रामपंचायतीत देणार आहे, एक शाळेत, आणि एक त्या टपरीवाल्याला, पुढच्या वेळी पत्रा रंगवायच्या आधी. बाईंच्या मुलीलाही पाठवीन. पण त्यांतलं काहीही बाईंपर्यंत पोचत नाही. बसमध्ये जुळवलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत. लांबलचक नव्हती. त्यांना पोहे खाण्याइतकाही वेळ लागला नसता:

बाई, तो शिंदीखाना नव्हता. तो हकिमांचा दवाखाना होता, आणि तुमचे सासरे सांगायचे ते खरं होतं. बाटल्या औषधाच्या होत्या. तुम्ही चावडीवर मला विचारलंत, कागद पुरा वाचला का, आणि मी वाचला म्हणालो. मी वाचला नव्हता. तुमची बालवाडी त्या एका शब्दानं बंद झाली. मला हे कळून बरीच वर्षं झाली, आणि तेवढी वर्षं मी गप्प होतो. मला माफ करा.